ताऱ्यांच्या बाळपणाचा दप्तरदार

सूर्याएवढा तारा वायू आणि धुळीच्या ढगातून आकाराला येऊन पुरता स्थिरावायला काही कोटी वर्षे घेतो. माणसाने आकाशाकडे दुर्बीण रोखली त्याला चारशे वर्षे झाली आणि ताऱ्याचा वर्णपट काचेवर टिपता येऊ लागला त्याला जेमतेम दीडशे. हा हिशेब समोर ठेवला की ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास हे निरीक्षणाचे शास्त्र झालेच कसे, असा प्रश्न पडतो. तारे कधीतरी जन्मले असणार हे १९४० च्या सुमाराला सगळ्यांना मान्य होते. पण आजही ते जन्मत आहेत आणि आकाशात अमुक ठिकाणी जन्मत आहेत, असे बोट ठेवून सांगायला फारसे कोणी धजत नव्हते. १९८५ पर्यंत चित्र पालटले. नवजात ताऱ्यांच्या याद्या तयार झाल्या होत्या, त्यांच्या अंगातून सुटणारे वायूचे झोत मोजले जात होते आणि त्यांच्याभोवतीच्या चकत्यांची चर्चा सुरू झाली होती. या पालटाचे श्रेय एरवी रेडिओ दुर्बिणींना, अवरक्त संवेदकांना आणि संगणकांना दिले जाते, आणि ते चूक म्हणता येणार नाही. मात्र त्या यंत्रांनी पाहायचे कुठे आणि पाहिलेले कशाशी ताडायचे, हे बरेचसे आधीच ठरले होते. ते ठरवण्यात जॉर्ज हर्बिग (१९२०–२०१३) या अमेरिकन निरीक्षकाच्या दप्तराचा वाटा फार मोठा होता. जुनी नोंद जपायची, तीच जागा वर्षांनी पुन्हा पाहायची आणि अर्थ लावण्याची घाई करायची नाही, या सवयीवर ते दप्तर उभे राहिले. या विषयातली निदान तीन कोडी त्या सवयीमुळे सुटली किंवा सुटण्याच्या वाटेला लागली, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात भौतिकीपासून करावी लागते. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करणाऱ्या अणुप्रक्रियांचा हिशेब मांडला आणि ताऱ्याच्या इंधनाचा जमाखर्च प्रथमच नीट हाती आला. सूर्याचा खर्च बेताचा. त्याची पुंजी सुमारे हजार कोटी वर्षे पुरेल. मृग नक्षत्रातल्या निळ्या, प्रखर ताऱ्यांचा खर्च मात्र इतका उधळा की काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत त्यांनी रिते व्हायला हवे. पृथ्वीवरचे खडक त्याहून कितीतरी जुने आहेत. तेव्हा हे तारे अलीकडे जन्मले, यातून सुटका नव्हती. १९४७ मध्ये दोन वेगळ्या टोकांहून याला दुजोरा मिळाला. सोव्हिएत आर्मेनियातले व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी दाखवले की काही ताऱ्यांचे विरळ जथे इतके सैल बांधलेले आहेत की आकाशगंगेच्या ओढीने ते थोडक्या काळात विखुरले पाहिजेत. अजून एकत्र दिसतात, म्हणजे ते कोवळे आहेत. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये बार्ट बोक आणि एडिथ रायली यांनी उजळ तेजोमेघांच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या लहान, गोलसर, काळ्या ठिपक्यांकडे लक्ष वेधले आणि हीच ताऱ्यांची गर्भस्थाने असावीत, असे अनुमान केले. अनुमान नेमके होते, पण त्या ठिपक्यांच्या आत खरोखर तारे घडत असल्याचा पुरावा मिळायला १९९० उजाडले. अशी अनुमाने पुष्कळ होती. उणीव होती ती ज्याला हात लावून ‘हा पाहा कोवळा तारा’ म्हणता येईल अशा एखाद्या साध्या, सूर्यासारख्या ताऱ्याची.

तसा तारा शंभर वर्षांपूर्वीच सापडला होता, फक्त कोणी ओळखला नव्हता. १८५२ च्या ऑक्टोबरात लंडनचे जॉन रसेल हिंड यांना वृषभ राशीत एक अस्थिर प्रकाशाचा तारा आणि त्याच्या शेजारी एक लहानसा तेजोमेघ दिसला. ताऱ्याला पुढे टी टॉरी हे नाव मिळाले. गंमत अशी की तो तेजोमेघ पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फिकट होत होत मोठ्या दुर्बिणींनाही दिसेनासा झाला. १८९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत बर्नहॅम आणि बर्नार्ड यांना तो पुन्हा, अगदी मंद, असा गवसला. शिवाय खुद्द ताऱ्याला चिकटून आणखी एक इवलासा मेघ बर्नहॅम यांना दिसला. त्याचा अर्थ लागायला साठहून अधिक वर्षे जायची होती. १९४५ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेचे आल्फ्रेड जॉय यांनी टी टॉरीसारख्या अकरा ताऱ्यांचा एक गट वेगळा काढला. त्यांचा प्रकाश बेभरवशाचा, तेज बेताचे, वर्णपटात सूर्याच्या वर्णावरणात दिसतात तशा उजळ उत्सर्जन रेषा, आणि सगळ्यांचा मुक्काम धुळीच्या ढगांपाशी. लक्षणे चोख नोंदली होती, निदान मात्र खुले होते. अनेकांचा कल साध्या स्पष्टीकरणाकडे होता: हे तारे जुनेच आहेत, वाट चुकून ढगात शिरले आहेत आणि अंगावर कोसळणाऱ्या वायूमुळे असे वेडेवाकडे चमकत आहेत. तर्क लंगडा नव्हता. ढगात सापडलेला म्हातारा तारा आणि ढगातून नुकता बाहेर पडलेला तान्हा तारा एका रात्रीच्या निरीक्षणात वेगळा करणे सोपे नाही.

तेजोमेघांत अडकलेले अस्थिर तारे हाच विषय घेऊन हर्बिग यांनी १९४८ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि लिक वेधशाळेत ते पुढे जवळजवळ चाळीस वर्षे राहिले. तिथे त्यांच्या हाती आली ती क्रॉसली दुर्बीण. सॅन होजेजवळच्या माउंट हॅमिल्टनवर ३६ इंच व्यासाच्या दोन दुर्बिणी होत्या. भिंगाची मोठी दुर्बीण प्रसिद्ध होती, पाहुणे तीच पाहायला येत. आरशाची क्रॉसली मूळची इंग्लंडमध्ये १८७९ च्या सुमाराला बांधलेली, १८९५ मध्ये एडवर्ड क्रॉसली यांनी वेधशाळेला देऊन टाकलेली, आणि हर्बिग यांच्या काळात जगातल्या मोठ्या दुर्बिणींच्या मानाने चक्क जुनाट. माउंट विल्सनवर तेव्हा १०० इंची दुर्बीण होती आणि १९४८ मध्ये पालोमारची २०० इंचीही उभी राहिली. स्पर्धा आरशाच्या आकाराची असती तर हर्बिग यांची हार ठरलेली होती. त्यांनी स्पर्धेचे अंगणच बदलले. दूरच्या दीर्घिकांच्या मागे न लागता त्यांनी मृग, वृषभ, ययाती, हंस या जवळच्या ढगाळ प्रदेशांची छाननी हाती घेतली.

या छाननीची तऱ्हा जवळून पाहण्यासारखी आहे. क्रॉसलीला फट नसलेला वर्णपटलेखक जोडला की काचेच्या प्लेटवर प्रत्येक ताऱ्याचा ठिपका न उमटता एक आखूड पट्टा उमटतो. शेकडो ताऱ्यांचे शेकडो पट्टे एकाच वेळी. बहुतेक पट्टे एकसारखे, सपाट. मध्येच एखाद्या पट्ट्याच्या तांबड्या भागात एक गडद टिंब दिसते, कारण प्लेट निगेटिव्ह असते आणि उजळ ते काळे उमटते. ते टिंब म्हणजे तापलेल्या हायड्रोजनची एच-अल्फा रेषा. भिंगाखाली प्लेट धरून अशी टिंबे शोधायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, नकाशावर जागा नोंदायची. लिकच्या या यादीतले तारे आजही त्याच क्रमांकांनी ओळखले जातात. हे काम कंटाळवाणे होते आणि त्यात कीर्ती नव्हती, पण त्यातून पहिला मुद्दा निघाला तो साध्या मोजणीचा. एखाद-दुसरा तारा वाट चुकून ढगात शिरेल. एकेका ढगात डझनांनी तारे शिरले आणि सगळे एकाच प्रकारचे निघाले, हे योगायोगाच्या आवाक्याबाहेरचे होते. दुसरा मुद्दा तेजाचा. हे तारे त्यांच्या तापमानाला शोभण्यापेक्षा जास्त तेजस्वी, म्हणजे आकाराने फुगलेले होते. अजून आकुंचन पावत असलेल्या ताऱ्याकडून नेमकी हीच अपेक्षा असते. १९५५ मध्ये लुई हेन्ये आणि सहकाऱ्यांनी आकुंचनाची गणिते केली, १९५६ मध्ये मर्ल वॉकर यांनी शृंगाश्व नक्षत्रातल्या एनजीसी २२६४ या समूहाचे तेजमापन करून तिथले हलके तारे मुख्य क्रमाच्या, म्हणजे स्थिरावलेल्या ताऱ्यांच्या रांगेच्या, वरच रेंगाळलेले दाखवले आणि १९६१ मध्ये जपानच्या चुशिरो हायाशी यांनी कोवळ्या ताऱ्यांच्या मार्गाचे गणित पक्के केले. वॉकर यांनी निवडलेल्या त्याच समूहातल्या उत्सर्जन रेषांच्या ताऱ्यांची यादी हर्बिग यांनी त्यांच्या दोन वर्षे आधी छापून ठेवली होती. सिद्धान्त आणि मोजमाप एकमेकांना भेटले ते त्या यादीच्या आधाराने.

१९६२ मध्ये हर्बिग यांनी टी टॉरी ताऱ्यांवर एक दीर्घ आढावा लिहिला. त्यात सव्वाशेच्या आसपास ताऱ्यांची सूची होती आणि म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पक्षाचा जवळजवळ निकाल लागला होता. जवळजवळ म्हणायचे कारण, एक स्वतंत्र, रासायनिक पुरावा अजून पक्का व्हायचा होता. लिथियम हे नाजूक मूलद्रव्य. ताऱ्याच्या आत तापमान पंचवीस लाख अंशांच्या आसपास गेले की ते नष्ट होते. सूर्याच्या पृष्ठभागावर ते फारच थोडे उरले आहे, टी टॉरी ताऱ्यांत मात्र भरपूर आढळले. हर्बिग यांनी लिकच्या नव्या १२० इंची दुर्बिणीसाठी मोठा वर्णपटलेखक सिद्ध करण्यात पुढाकार घेतला होता. त्याच्या मदतीने त्यांनी सूर्यासारख्या साध्या ताऱ्यांमधले लिथियम मोजून १९६५ मध्ये ते वयाचा निर्देशक म्हणून कसे वापरता येईल ते दाखवले. ढगात नुसते भटकायला गेलेल्या जुन्या ताऱ्यात लिथियम परत येत नाही. पहिले कोडे इथे सुटले.

दुसरे कोडे आपण होऊन समोर आले आणि ते अधिक रंजक आहे. १९४६-४७ मध्ये मृगातल्या एनजीसी १९९९ या तेजोमेघाजवळच्या भागाची छायाचित्रे घेताना हर्बिग यांच्या प्लेटांवर काही लहान, गाठीदार, धूसर ठिपके आले. त्यांचे लक्ष ताऱ्यांकडे होते, त्यामुळे या ठिपक्यांना त्यांनी सुरुवातीला फारसा भाव दिला नाही. त्याच सुमाराला मेक्सिकोत पुएब्लाजवळच्या टोनान्त्सिन्त्ला वेधशाळेत गिलेर्मो हारो यांना तेच ठिपके स्वतंत्रपणे सापडले. हारो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, वृत्तपत्राच्या कामातून खगोलशास्त्राकडे वळलेले; नजर मात्र अस्सल निरीक्षकाची. या वस्तू अवरक्त प्रकाशात दिसत नाहीत हे त्यांनी टिपले. तारा धुळीआड लपला असता तर तो अवरक्तात अधिक स्पष्ट दिसायला हवा होता. १९४९ च्या डिसेंबरात अॅरिझोनातल्या टुसॉनला एका परिषदेत दोघांची गाठ पडली आणि हारो यांचे म्हणणे ऐकल्यावर हर्बिग आपल्या प्लेटांकडे नव्याने वळले. १९५१ मध्ये त्यांनी दोन ठिपक्यांचे वर्णपट प्रसिद्ध केले. त्यांत सतत प्रकाश जवळपास नव्हताच; हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक यांच्या उजळ रेषा होत्या. वायू तापलेला होता, पण त्याला तापवणारा तारा आसपास कुठेच दिसत नव्हता. अंबार्त्सुमियान यांनी १९५४ मध्ये या वस्तूंना हर्बिग-हारो वस्तू असे नाव दिले आणि टी टॉरी ताऱ्याच्या आधीची ही अवस्था असावी, असे सुचवले.

मग १९५४ ची प्लेट आली. मृगातल्या त्या ठिपक्यांपैकी क्रमांक दोनच्या वस्तूत १९४७ च्या प्लेटवर नसलेल्या दोन नव्या गाठी उमटल्या होत्या. सात वर्षांत, चक्क डोळ्यांदेखत! कोट्यवधी वर्षे चालणाऱ्या प्रक्रियेत माणसाच्या आयुष्यात मावणारा बदल पहिल्यांदाच पकडला गेला होता आणि दोन तारे आपल्या समोर जन्मले, ही कल्पना त्या काळी अनेकांनी गांभीर्याने घेतली. लोकप्रिय पुस्तकांतून ती बराच काळ छापली जात होती. मोह समजण्यासारखा आहे. पण ती चूक होती, आणि ती चूक ज्या प्लेटांमुळे झाली त्याच प्लेटांच्या मालिकेमुळे ती दुरुस्तही झाली. हर्बिग तीच जागा पुन्हा पुन्हा टिपत राहिले. गाठी उजळत होत्या, मंदावत होत्या. तारा व्हायची लक्षणे मात्र त्यांच्यात दिसत नव्हती. १९७५ मध्ये रिचर्ड श्वार्ट्झ यांनी दाखवले की या वस्तूंचे वर्णपट अतिनवताऱ्यांच्या अवशेषांतल्या आघातलहरींशी जुळतात: कोवळ्या ताऱ्यातून वेगाने सुटलेला वायू भोवतालच्या ढगावर आदळतो आणि आदळलेल्या जागी उजेड पडतो. असे असेल तर गाठी सरकल्या पाहिजेत. किती, ते मोजायला जुनी छायाचित्रे हवीत, आणि ती होती. १९७९ मध्ये कायल कडवर्थ आणि हर्बिग यांनी वृषभातल्या २८ आणि २९ क्रमांकांच्या वस्तूंची गती मोजली. त्या एका दडलेल्या ताऱ्यापासून सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने दूर पळत होत्या. १९८१ मध्ये बर्टन जोन्स यांच्यासोबत हर्बिग यांनी मृगातल्या मूळच्या दोन वस्तूंवर हाच प्रयोग केला. त्या विरुद्ध दिशांना पळत होत्या, काही गाठी तर सेकंदाला तीनशे किलोमीटरच्या पुढे. रेघा मागे ओढल्या की त्यांचा उगम दोघींच्या मधोमध पडत होता आणि तिथे दृश्य प्रकाशात काहीही नव्हते. १९८५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीला नेमक्या त्या मधल्या जागी एक क्षीण उगम सापडला. वस्तू क्रमांक एक आणि दोन एकाच अदृश्य, अर्भक ताऱ्याने दोन बाजूंना फेकलेल्या होत्या.

याच वर्षांत इतरही पुरावे जमत होते. १९८० मध्ये रोनाल्ड स्नेल आणि सहकाऱ्यांनी वृषभातल्या त्याच ठिकाणी कार्बन मोनॉक्साइड वायूचे दोन विरुद्ध दिशांना वाहणारे लोट रेडिओने शोधले. १९८३ मध्ये राइनहार्ट मुंट आणि जोसेफ फ्रीड यांनी कोवळ्या ताऱ्यांतून निघणारे सरळ, बारीक झोत छायाचित्रांत टिपले. जन्मणारा तारा नुसता वायू गिळत नाही, त्यातला काही भाग तो दोन ध्रुवांकडून थुंकतोही, हे यातून स्पष्ट झाले. ही गोष्ट कोणत्याही सिद्धान्ताने आधी वर्तवली नव्हती. फिरत्या ढगातून तारा बनताना जादा फिरकी कुठे जाते, हा जुना पेच होता. झोत त्यातला काही भाग वाहून नेतात, हे उत्तराचे एक सूत्र मिळाले. आणि १८९० मध्ये बर्नहॅम यांनी टी टॉरीला चिकटलेला जो मेघ पाहिला होता, तोही या झोतांच्याच कुळातला निघाला.

तिसरे कोडे मृगातल्या एफयू ओरायनिस या ताऱ्याचे. १९३६-३७ मध्ये सोळाव्या प्रतीचा हा अगदी मंद तारा काही महिन्यांत सुमारे शंभरपट ते अडीचशेपट उजळला आणि उजळलेलाच राहिला. नवताऱ्यासारखा तो विझला नाही. जर्मनीतल्या बेर्गेडॉर्फ वेधशाळेचे आर्थर वाखमान यांनी १९३९ मध्ये त्याची नोंद केली. स्फोटापूर्वी तो कसा होता, कोणाला ठाऊक नव्हते. त्याचा आधीचा वर्णपटच नव्हता. १९६६ मध्ये हर्बिग यांनी सविस्तर लिहून हा प्रकार ताऱ्याच्या घडणीतलाच असावा, असे मत मांडले. पण एका उदाहरणावर सिद्धान्त उभा राहत नाही. १९६९-७० मध्ये हंस तारकासमूहातला, आता व्ही १०५७ सिग्नी म्हणून ओळखला जाणारा तारा तसाच उसळला. स्वीडनमधल्या उप्सालाचे गुन्नार वेलिन यांनी ते लक्षात आणून दिले. आणि हा तारा लिकच्या यादीत होता. उत्तर अमेरिका तेजोमेघाच्या छाननीत १९५७ मध्ये त्याचा वर्णपट घेतलेला होता, १९५८ मध्ये तो प्रसिद्धही झाला होता: एक साधा टी टॉरी तारा, क्रमांक १९०. उसळी येण्याआधी बारा वर्षे कोणीतरी त्याची ओळख नोंदवून ठेवली होती, तीही त्याच्यात काही विशेष आहे म्हणून नव्हे, तर त्या ढगातल्या सगळ्यांचीच नोंद करायची होती म्हणून. एका प्लेटने प्रश्नाचा निम्मा निकाल लावला. १९७५ च्या रसेल व्याख्यानात हर्बिग यांनी पुढचा हिशेब मांडला, तो १९७७ मध्ये छापून आला: आसपास जितके तारे जन्मतात त्या मानाने अशा उसळ्या इतक्या वेळा दिसतात की एकेका ताऱ्याला त्या बालपणात अनेकदा, बहुधा दहा-वीस हजार वर्षांच्या अंतराने, येत असणार.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हर्बिग यांनी शोधले, मोजले, याद्या केल्या. पण अर्थ लावला तो दुसऱ्यांनी. झोतांचे भौतिक स्पष्टीकरण श्वार्ट्झ यांचे, आकुंचनाचे गणित हायाशी यांचे. एफयू ओरायनिसच्या बाबतीत तर हर्बिग विरुद्ध बाजूला उभे होते. १९८५ मध्ये ली हार्टमान आणि स्कॉट केन्यन यांनी दाखवले की ही उसळी ताऱ्याची नाहीच, ती त्याच्याभोवतीच्या चकतीची आहे. चकतीतला वायू एकदम ताऱ्यावर कोसळतो आणि तापलेली चकतीच ताऱ्याला झाकोळून चमकते. हर्बिग यांना हे पटले नाही. वेगाने फिरणाऱ्या, अस्थिरतेच्या काठावरच्या ताऱ्याच्या वातावरणातून वर्णपटातले तपशील अधिक चांगले उलगडतात, अशी त्यांची बाजू होती, आणि २००३ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, पेट्रोव्ह आणि ड्यूमलर यांच्यासह लिहिलेल्या निबंधातही ती त्यांनी सोडली नाही. आज बहुसंख्य शास्त्रज्ञ चकतीच्या बाजूला आहेत. तेव्हा हर्बिग इथे चुकले, असे म्हणायला हरकत नसावी. पण या चुकीचा जमाखर्च पाहा. चकतीच्या पक्षाने जे पुरावे वापरले, त्यातले उसळीपूर्वीचे वर्णपट, उसळ्यांच्या वारंवारतेचा हिशेब आणि या ताऱ्यांचा टी टॉरी गटाशी सांधा, हे सगळे हर्बिग यांच्या कामातून आले होते. ज्याच्या नोंदी त्याच्याच मताविरुद्ध वापरता येतात, त्याने नोंद करताना मत आड येऊ दिले नाही, एवढे तरी मान्य करावे लागते. सिद्धान्तकाराला बहुधा हा सन्मान मिळत नाही. चुकलेला सिद्धान्त बाजूला ठेवला जातो, त्याची कोणाला गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. ताऱ्याचा खरा जन्म धुळीच्या आड होतो आणि दृश्य प्रकाश तिथून बाहेर पडत नाही. १९६७ मध्ये एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउअर यांना मृगाच्या मोठ्या तेजोमेघात केवळ अवरक्तात दिसणारी वस्तू सापडली, १९७० मध्ये अंतराळातला कार्बन मोनॉक्साइड रेडिओवर ऐकू आला, १९८३ मध्ये आयआरएएस उपग्रहाने सगळे आकाश अवरक्तात पाहिले. या तीन टप्प्यांनी गर्भस्थानाचे दार उघडले. काचेच्या प्लेटांवर काम करणारा निरीक्षक दाराबाहेरच राहिला, असे म्हणता येईल. अंशतः ते खरे आहे. जन्माच्या पहिल्या काही लाख वर्षांबद्दल दृश्य प्रकाश मुका आहे. पण अवरक्त आणि रेडिओ यंत्रांना तेव्हा मागचा इतिहास नव्हता. त्यांच्याकडे १९४७ चे काही नव्हते. एखादी वस्तू सरकते, उसळते, मंदावते हे सांगायला काळाचा जो पट लागतो तो प्लेटांकडेच होता. शिवाय नव्या यंत्रांची पहिली लक्ष्ये जुन्या याद्यांतूनच निवडली गेली. मृगातला तो रेडिओ उगम शोधायचा कुठे, हे गाठींच्या गतीनेच सांगितले होते.

याद्यांचे माहात्म्य आणखी एका कामात दिसते. १९६० मध्ये हर्बिग यांनी सूर्याहून बऱ्याच जड, पण तितक्याच कोवळ्या ताऱ्यांचा प्रश्न घेतला. त्यांच्या अटी तीन: वर्णपटाचा प्रकार ए किंवा त्याहून तप्त आणि उत्सर्जन रेषांसह, वस्ती धुळीच्या प्रदेशात, आणि जवळच्या तेजोमेघाला उजळवणारे तेज. या चाळणीतून २६ तारे खाली आले. जड ताऱ्यांचे बाळपण अल्पायुषी, म्हणून ते सापडणे दुर्मीळ. तरी त्या २६ पैकी बहुतेक पुढच्या कसोट्यांना उतरले आणि तो गट आज हर्बिग एई-बीई या नावाने ओळखला जातो. कोवळ्या ताऱ्यांच्या सूचीची दुसरी आवृत्ती १९७२ मध्ये आली, तिचे सहलेखक एन. कामेश्वर राव. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत पुढे दीर्घ काळ काम केलेले हे तेच राव. तीनशेहून अधिक ताऱ्यांची ही सूची, आणि १९८८ मध्ये कॅथरीन बेल यांच्यासह निघालेली सातशेहून अधिक ताऱ्यांची तिसरी, या दोन्हींचे क्रमांक आजच्या शोधनिबंधांतही वापरले जातात. सूची करणे हे कारकुनी काम, अशी एक समजूत विज्ञानाच्या इतिहासात वावरते. चाळणीच्या अटी ठरवणे हे निदान करण्याइतकेच अवघड असते, हे १९६० च्या त्या तीन अटी वाचल्या की कळते.

१९८७ मध्ये, इतर निवृत्त होतात त्या वयात, हर्बिग हवाई विद्यापीठाच्या खगोलशास्त्र संस्थेत गेले आणि मौना केआवरच्या दुर्बिणींनी तीच जुनी ठिकाणे नव्याने पाहू लागले: आयसी ३४८, आयसी ५१४६, व्ही १०५७ सिग्नी. छोट्या, परतपरत येणाऱ्या उसळ्यांच्या ताऱ्यांना वृक या तारकासमूहातल्या ईएक्स लूपायवरून त्यांनी वेगळा गट दिला. ते होनोलुलूत २०१३ च्या ऑक्टोबरात वारले. हर्बिग-हारो वस्तूंची संख्या आता हजाराच्या पुढे गेली आहे आणि २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या २११ क्रमांकाच्या झोताचे छायाचित्र जगभर छापले गेले. एफयू ओरायनिस अजून आपल्या १९३६ पूर्वीच्या मंदपणाला परतलेला नाही. २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांतून दिसले की चकतीचा आतला काठ ताऱ्याला जिथे टेकतो तिथे सुमारे १६,००० केल्व्हिन तापमानाचा, अपेक्षेपेक्षा कितीतरी तप्त भाग आहे. चकतीच्या पक्षाला यातून बळ मिळाले, पण त्या पक्षाच्या जुन्या प्रतिमानांनाही तो भाग इतका तप्त असेल असे वाटले नव्हते. उसळी सुरू कशी होते हा प्रश्न अजून वादात आहे. आता व्हेरा रुबिन वेधशाळा दक्षिणेचे आकाश काही रात्रींच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपू लागली आहे. अशी पुढची उसळी येईल तेव्हा तिच्या आधीच्या नोंदींसाठी लिकसारख्या एखाद्या यादीवर आणि नशिबावर विसंबायची वेळ बहुधा येणार नाही.